रूथचं रक्त आणि आमचं चर्च

चाळीस वर्षं चर्चची घंटा वाजवतोय. किस्से गोळा करावे लागत नाहीत. लोक तोंड उघडतात, आपण फक्त ऐकायचं! त्यात पाळकसाहेबांनी गुरुवारच्या बायबल-अभ्यासात 'जीन'चा विषय काढला, मग काय विचारता!

विषय निघाला माझ्या नातीमुळे. रूथचं लग्न सुनीलशी ठरलं, अन् तपासणीत दोघांच्याही रक्तात अर्धा सिकल निघाला, म्हणजे सिकलसेलचा दोष आहे, पण त्रास नाही. लेकराला पूर्ण होऊ शकतो. नागपूरच्या रामदासपेठेतला डॉक्टर म्हणाला, "गर्भ आधी तपासता येतो." चर्चात दोन पार्ट्या पडल्या. लग्न व्हावं की मोडावं?

*

जॉनभाऊ सगळ्यांत गरम. नरखेडला त्याचा संत्र्याचा बगीचा. "देवाच्या कामात माणसानं हात घालूच नये! त्यापरीस लग्नच मोडा!"

मी म्हटलं, "तुह्या बगीच्यात जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम कोणं केलं गा? देवदूत आलता का?"

त्या दिवशी त्यानं चहासुद्धा घेतला नाही.

*

पाळकसाहेबांनी विचारलं, जीन दुरुस्त करणं पाप का? मी चौथी पास, पण हातमाग चालवलेला माणूस.

"तुटला धागा जोडनं पाप नाही, साहेब. पण गिऱ्हाईकानं लुगडं सांगितलं अन् तुम्ही मनानं चादर विणली, तर मार खासान!"

रविवारच्या उपदेशात साहेबांनी हे स्वतःचं म्हणून सांगितलं!

*

लॅबमध्ये गर्भ फ्रीजात ठेवतात, हे ऐकून ऐंशीच्या मार्थाबाई म्हणाल्या, "मंग त्यायच्यासाठी प्रार्थना करा लागते का नाही?"

सेमिनरीत धर्मशास्त्र शिकलेले साहेब म्हणाले, "पुढच्या गुरुवारी सांगतो."

"तोवर मी करून राहिली. थंडी वाजत असन लेकरायले!"

*

सुनीलला मी सरळच विचारलं, "तुहं काय ठरलं?"

"आबाजी, डॉक्टर रक्त पाहते, पाळक आत्मा पाहते. रूथले कोणीच पाहून नाही राहिलं!"

पोरगा मला तेव्हा पटला. तसं बोललो नाही. कौतुक केलं, की जावई डोक्यावर बसतात.

*

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चात पुकार होते. कोणाची हरकत असेल, तर उभं राहून सांगायचं. रूथ-सुनीलच्या पुकारेच्या तिसऱ्या रविवारी जॉनभाऊ उभा! रूथनं मान खाली घातली.

"सिकल..." तो एवढंच बोलला.

पेटीवर सुशीला होती. स्वतः पूर्ण सिकलची. दुखणं उठलं, की आठ-आठ दिवस अंथरूण धरते. तिनं भाता सोडला.

"जॉनभाऊ, माह्या मायबापाच्या पुकारेले असंच कोणी उभं झालं असतं, तर मी असती का?"

जॉनभाऊ उभाच. मग घसा खाकरून म्हणाला,

"लग्नात पेटी तूच वाजवशीन ना वं? इतलंच विचाराले उभा झालो!"