मोहाच्या दारूवर चाललेला ऑटो

या, जवळ बसा. आणि त्याच्या नावानं दात काढणं आधी बंद करा बरं! तुम्ही त्याच्या ऑटोची गंमत तेवढी ऐकली आहे.

पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर ऑटो चालवायचा तो. मोहाची दारू गाळणारी कोणी दिसली की म्हणायचा, "बाई, माणसाले कायले पाजतेस? गाडीले पाज!"

चंद्रपुरात त्याला कोणीतरी सांगितलं होतं, पेट्रोलमध्ये आता उसाचं इथेनॉल मिसळतात. झालं! उसाचं चालतं तर मोहाचं का नाही? माझ्याच चुलीवर दारू पुन्हा उकळून त्यानं कडक केली. दोन बाटल्यांपायी माझं सरपण संपलं. "मोहाच्या पेट्रोलचा कारखाना आला का सारं भरून निघते, बाई," म्हणाला.

ऑटो आचके देत निघाला. वास असा, की नाक्यावर शिपायानं अडवलं.

"पिऊन आहेस का बे?"

"मी नाई साहेब, गाडी पिऊन आहे."

मागे बसून मी पदर तोंडात कोंबला.

पण कारखाना मोहफुलांना भाव देईल, हे आम्हा सगळ्यांना गोड लागलं. फुलं वेचण्याआधी झाडाखालचा पाला जाळायची आमची रीत. काळ्या जमिनीवर पिवळं फूल चटकन दिसतं. एरवी आपापल्या झाडाखाली, हिरवी डहाळी हातात घेऊन, राखण करत जाळायचो. त्या वर्षी तो म्हणाला, "एकेक झाड कायले? सारी राई एकदम साफ करू." काडी त्यानंच ओढली. दुपारी वारा सुटला. डहाळ्यांनी झोडपून आमचे हात भाजले, आग काही ऐकेना. लहान झाडं गेली, मोठ्यांच्या कळ्या करपल्या.

कारखाना आलाच नाही.

त्याला शिव्या कोणी दिल्या नाहीत. माझी जाऊ एवढंच म्हणाली, "भाऊ, आता आमी काय वेचावं?" दुसऱ्या दिवशी पाहते तर ऑटोतला आरसा त्यानं उलटा फिरवलेला. मागे बसलेल्या बायांची तोंडं दिसायला नकोत.

पुढच्या उन्हाळ्यात आम्हाला लांबच्या जंगलात जावं लागलं. पहाटे हा ऑटो घेऊन उभा. भाडं घेईना, बोलेना.

"भाऊ, काही बोल ना रे."

"काय बोलू, बाई? तोंड नाई मले."

त्याची मान खाली, ती पाहून आमचीही. राई जाळताना आम्हीही होतोच की!

मग एक दिवस ऑटो विकून तो निघून गेला. अहेरीकडे कोणाच्या ट्रकवर आहे म्हणतात.

तिकडे कोणी जात असाल तर त्याला सांगा, जळलेल्या बुंध्यांना फुटवे आले आहेत. तोंड दाखवायची लाज वाटत असेल तर ओट्यावर पाठ करून बस म्हणावं, मी मागून चहा देईन. पण ये भाऊ, लवकर ये.