श्रावणात सोडलेली गोळी

मंगरूळपीरच्या सरकारी दवाखान्यात मी एचआयव्हीचा समुपदेशक आहे. हा शब्द पाटीवरच शोभतो. लोक मला ‘त्या खोलीतले साहेब’ म्हणतात.

मागच्या उन्हाळ्यात वाशीमला एक कार्यशाळा झाली. विषय होता सतत प्रवासात असणाऱ्या पुरुषांसाठी एचआयव्ही टाळण्याचे नवे पर्याय. प्रवासातले पुरुष प्रवासात असल्यामुळे खुर्च्या रिकाम्या राहण्याची भीती होती. म्हणून प्रत्येकाने दोन-चार ड्रायव्हर आणावेत, असा तोंडी आदेश निघाला. मला एकच मिळाला.

तो तिशीतला, जवळच्या शिरपूरकडचा. वाशीमहून सोयाबीन भरून इंदूरकडे जायचा. आदल्या आठवड्यातच तपासणी करून गेला होता, निगेटिव्ह निघाला. निरोधाचं विचारलं, तर दारू पोटात गेल्यावर आठवत नाही म्हणाला. मग खाली बघत त्याने सांगितलं, “साहेब, घरी मी चांगलाच राह्यतो. रस्त्यावर काही माह्यं खरं नाही. बायकोले काही होऊ नये, एवढंच पाह्यजे.”

कार्यशाळेत दीपप्रज्वलनाला काडेपेटी सापडेना. शाल-श्रीफळ झालं. पडद्यावर एक हसरा ड्रायव्हर होता. त्याच्या शर्टाची इस्त्री पाहून तो आमच्या रस्त्यावरचा नाही हे कळत होतं. रोजची गोळी आणि महिनोन्‌महिने पुरणारं इंजेक्शन, दोन्ही समजावून सांगितलं. तेव्हा माझा ड्रायव्हर उभा राहिला आणि त्याने विचारलं, “ते इंजेक्शन इथं कधी येनार? गोळ्यायची बाटली केबिनमध्ये दिसली तं क्लीनर म्हनन याले रोगच झाला.”

प्रक्रिया सुरू आहे, असं उत्तर आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.

गोळीही आमच्याकडे नव्हती. मी त्याला अकोल्याच्या एका डॉक्टरांकडे पाठवलं. त्याने तपासण्या करून घेतल्या, तीन महिने पुरतील एवढ्या गोळ्या आणल्या आणि बाटलीवरचा कागद खरवडून ती पानमसाल्याच्या डब्यात लपवली. मी बजावलं, रोज एक, खाडा नाही.

दसऱ्याच्या सुमारास बाटली संपत आली, तेव्हा तो ठरल्याप्रमाणे पुन्हा तपासायला आला. मी पट्टीवर दोन रेघा पाहिल्या, म्हणजे पॉझिटिव्ह. दुसऱ्या, तिसऱ्या किटवरही त्याच उमटल्या. खाडे झाले का, विचारलं.

“फक्त श्रावनात सोडली होती,” तो म्हणाला. “मटन सोडलं, दारू सोडली, मंग ते बी सोडलं. त्या धंद्याची गोळी, पवित्र महिन्यात कायले खायाची?”

“आणि तो धंदा?”

तो म्हणाला, “ते एकच नाही सुटलं. दोनदा.”

पोळा झाल्यावर दारूबरोबर गोळीही त्याने नेमाने सुरू केली होती.

मी देव मानत नाही, पण घरच्यांमुळे श्रावणात वांगंसुद्धा खात नाही. एवढं असून ‘खाडा नाही’ म्हणताना मला श्रावण आठवला नाही. तो डॉक्टरांना आठवायचं कारण नव्हतं, पडद्यावरच्या हसऱ्या ड्रायव्हरला तर नव्हतंच. उन्हाळ्यात टोचलेलं इंजेक्शन श्रावणात सोडता आलं नसतं. पण ते फक्त कार्यशाळेच्या फलकावर होतं, आणि फलक आता आमच्या खोलीच्या गळक्या खिडकीला लावलेला आहे.

मी त्याला वाशीमच्या उपचार केंद्राची चिठ्ठी लिहून दिली. तिथे गोळ्या फुकट मिळतात, दर महिन्याला, विनातक्रार. रोग टाळू पाहणाऱ्याला जे मिळालं नाही, ते रोग झाल्यावर मिळतं. आमच्याकडे पात्रता अशी सिद्ध करावी लागते.

चिठ्ठी घडी करून त्याने वरच्या खिशात ठेवली.

“हे बी श्रावनात घ्या लागन काय?”

“हो. आयुष्यभर, एकही दिवस न सोडता.”

त्याने मान डोलावली. दारापर्यंत गेला आणि परत वळला.

“सोमवारी बायकोले आनतो तपासाले. तिले काय सांगू, साहेब?”

या प्रश्नाचं उत्तर कसं द्यायचं याचं प्रशिक्षण मी तीनदा घेतलं आहे. मी त्याला बसायला सांगितलं आणि आधी दार लोटून घेतलं.