पडद्यावरच्या ड्रायव्हरचा मलिदा

भिजल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं नि वेलची पडली, की मला इस्रायलमधलं, अश्दोदचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. नव्वदीच्या अखेरीस मी लष्करी गाड्यांचे आराखडे करायचे; लोखंड कापण्याआधी कॉम्प्युटरवरच्या गाडीत कॉम्प्युटरवरचाच माणूस बसवून बघायचो आम्ही. धाकटा भाऊ सैन्यात चिलखती गाडीचा ड्रायव्हर झाला, म्हणून आईने आम्हा मराठी ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे नवसाचा मलिदा केला. शनिवारी संध्याकाळी शब्बाथ सुटल्यावर ती तो कालवत होती, आणि मी तिची शिवणाची टेप घेऊन भावाचे खांदे मोजत होते, ऑफिसातून आणलेलं जाड चिलखती जॅकेट त्याच्या अंगावर चढवून. तो हिब्रूत कुरकुरत होता. "वर्दी शिवतेस काय गो त्याची?" आईने विचारलं. "नाही, कॉम्प्युटरमधल्या माणसाला याची मापं देणार." प्रेषित एलियाहू हन्नाबीची प्रार्थना झाली, आईने सगळ्यांना मलिदा वाटला नि एक डबा माझ्या हातात ठेवला. "हा त्याचा. माझ्या पोराचं अंग घेतलंय त्याने, उपाशी कसा बसवशील?" रविवारी ऑफिसात डबा मॉनिटरशेजारी ठेवून मी पडद्यावरच्या माणसाला गाडीत बसवलं. बाहेर काढायला गेले, तर वरच्या झाकणाच्या कडेला त्याचे खांदे अडकले. साहेबांनी डब्यातला एक घास घेतला नि म्हणाले, "वाट रुंद करा." संध्याकाळपर्यंत तो बाहेर आला. आता आई नाही. सध्या पडद्यावर भावाच्या मुलीची मापं आहेत; तीही आता सैन्यात गेलीय. पडद्यावरची ती झाकणातून अलगद बाहेर येते, आणि तिचा डबा मी भरते.