टपातली पिल्लं

आज सकाळी वैशालीच्या वडिलांनी मला पहिल्यांदा "जावईबापू" म्हटलं आणि त्याच मिनिटापासून सगळं बिघडलं.

मंडळी, कॉलेज अर्ध्यात सोडून मी उजनी धरणाच्या काठाला गळ, दोरी आणि गांडुळं विकतो, हे तुम्हाला माहीतच आहे. वैशालीसाठी वेडा आहे, हेही सगळ्या गावाला ठाऊक आहे. दसऱ्यानंतर पाणी हिरवं पडलंय, घाण वास मारतंय. गांडुळाला मासा तोंड लावत नाही आणि गिऱ्हाईक माझ्यावर वैतागतंय.

अशात सोपानकाका, म्हणजे तिचे वडील, स्वतः मासेमारी करणारे, "काय जावईबापू!" करत टप घेऊन दुकानात आले. झाकण काढलं. आत कटला माशाची बोटभर पिल्लं, निम्मी मेलेली, निम्मी तडफडणारी. चक्क मच्छरदाणीनं ओढलेली! श्रावणात मच्छीमार सोसायटीनं आणलेली हीच पिल्लं वैशालीनं आणि मी बादल्यांनी पाण्यात सोडली होती.

"गळाला लावायला इक. मरळ लगीच धरती की," काका म्हणाले.

"काका, मोठी झाल्यावर ही तुमीच धरणार न्हाय का?"

"लई शाना झालास! पोरगी पायजे का न्हाय तुला?"

शिसारी आली. त्यांची आलीच, पण ते ऐकून क्षणभर मी गप्प बसलो, त्याची जास्त आली. पोटच्या पोरीला गळाला लावतोय हा माणूस, आणि मी तोंड उघडून उभा!

तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा.

मी टप उचलला, जिवंत पिल्लं पाण्यात सोडायला बाहेर पडलो आणि काकांना आत ठेवून दार धाडकन लावलं.