तीन वाद्यांची वही

संगीत मंडळाच्या कपाटाची यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण याद्यांची कामं माझ्याकडेच येतात. तबल्याच्या चुंबळी चार, झांजांची जोडी एक, फाटकी सतरंजी एक, असं लिहिता लिहिता खालच्या कप्प्यात एक वही सापडली. आत हातानं लिहिलेल्या अकरा रचना: फिडल, पायपेटी आणि तबला, तिघांनी घरात बसून वाजवायच्या. तिसरी मी पेटीवर वाजवून पाहिली आणि चाटच पडले. रत्नागिरीतला आमचा वार्षिक कार्यक्रम दरवर्षी याच धुनेनं सुरू व्हायचा. पत्रकावर छापलेलं असायचं, ‘पारंपरिक’. मजकूर मीच लिहून देत असे, हे आणखी वाईट.

पहिल्या पानावर रचणाऱ्याचं नाव होतं, गाव पाली. रविवारी एस.टी.नं गेले. त्याची धाकटी बहीण, आता सत्तरीची, अंगणात आंबोशी वाळत घालत होती. भाऊ सव्विसाव्या वर्षी विषमज्वरानं गेला. नंतर मंडळाची माणसं वही मागून घेऊन गेली, ती परत आलीच नाही.

“वही राहू दे तुमच्याकडे,” त्या म्हणाल्या. “पण एकदा त्याचं म्हणून वाजवा. माझ्यादेखत.”

एवढंच मागणं. सोमवारी सचिवांना गाठलं.

“वहिनी, बंदिशीच्या शेवटच्या ओळीत रचणारा आपलं नाव घालतो. ह्यात आहे का?”

“ह्यात शब्दच नाहीत. नाव काय तबल्यात घालायचं?”

“चिडता कशाला? पत्रकं छापून झाली. पुढल्या वर्षी बघू.”

पुढल्या वर्षी! त्या बाईंचं वय तरी विचारायचं. आमच्या आभारप्रदर्शनात मांडववाला येतो, लाऊडस्पीकरवाला येतो, नारळ देणारा दुकानदारसुद्धा येतो. ज्याच्या सुरांवर पडदा वर जातो, त्याला जागा नाही. आणि हे सगळे स्वतःला संगीताचे भक्त म्हणवतात.

कार्यक्रमाला मी त्यांना पालीहून आणलं, पहिल्या रांगेत बसवलं. सचिवांनी माइकवर सांगितलं, “प्रथम एक पारंपरिक धून.”

मी उभी राहिले. “पारंपरिक नाही. रचणाऱ्याचं नाव इथे लिहिलंय.”

“वहिनी, खाली बसा.”

बसले नाही. वहीचं पहिलं पान मोठ्यानं वाचलं, त्याची बहीण समोर बसली आहे तेही सांगितलं. मग वादकांनी सुरुवात केली आणि नेहमीसारखी चार मिनिटांत संपवली. टाळ्या झाल्या.

बाईंनी माझा पदर ओढला. “अगो, हे कसलं? नुसतं पळवलंनी. तो असं नव्हता वाजवत.” आणि खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरून दाखवला, जवळजवळ निम्म्या लयीत.

मी पुन्हा उठले. सचिवांनी कपाळाला हात लावला.

“आता काय राहिलं?”

“पुन्हा वाजवा,” मी म्हटलं. “ह्या सांगतील त्या लयीत.”