उभ्या माणसाची अडतीस हजार पावलं

तारीख ३ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी सव्वाअकरा. रक्कम अकरा हजार रुपये. हजर तिघे: कारखान्याचे मालक रणजितसाहेब, फेटलिंग शॉपमधले आण्णाप्पा मगदूम आणि मी, अकाउंट्सचा देसाई. जागा शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीतली साहेबांची केबिन. माझ्या हातात मीच टाइप केलेलं एक पत्र होतं. विषय: 'स्टेप चॅलेंजमध्ये खोटी नोंद'. स्टेप चॅलेंज म्हणजे हातावरच्या पट्ट्यानं मोजलेल्या पावलांची कंपनीतली स्पर्धा.

"अडतीस हजार दोनशे," मी वाचलं. "ऑक्टोबरची रोजची सरासरी. एका पावलाचे दोन फूट धरले, तरी रोजचे तेवीस किलोमीटर होतात. म्हणजे दर दोन दिवसांनी तुम्ही चालत नृसिंहवाडीला पोचता."

"वाडीला मी एस्टीनं जातोय साहेब," आण्णाप्पा म्हणाले.

"मग ही पावलं कुठून आली?"

"मला काय म्हाईत? मी कुठं म्हणलोय मी चाललो म्हणून? तुमच्या पट्ट्यानं लिवलंय. त्यालाच इचारा की."

"पट्टा शेक-आउटला अडकवून ठेवत होता ना?" शेक-आउट म्हणजे साच्यातून निघालेल्या ओतीव भागावरची, म्हणजे कास्टिंगवरची, वाळू झाडायची जाळी. ती दिवसभर गदगदा हलत असते. हा शोध माझाच होता आणि मला तो फार आवडला होता.

आण्णाप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मग साहेबांकडं. "पैल्या नंबराला अकरा हजार हाईत म्हणं. मला काढल्यावर ते कुणाला जाणार? दुसरा नंबर कुणाचा हाय?"

दुसरा नंबर माझा होता. रोजची सरासरी अकरा हजार चारशे.

रणजितसाहेब हसले. मला हसू आलं नाही. मी बत्तीस वर्षांच्या नोकरीत कंपनीचा चहासुद्धा हिशेबाबाहेर प्यायलेलो नाही, असं मी घरी आणि दारी सांगत असतो. पण खरं सांगायचं तर पत्र टाइप करताना ते अकरा हजार एकदाही डोळ्यांपुढं आले नव्हते, असं शपथेवर म्हणता येणार नाही.

आण्णाप्पांचा प्रश्न मात्र अकरा हजारांचा नव्हता. ते सहा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होते. पर्मनंट करायच्या लोकांची यादी पंधरा तारखेला लागणार होती. त्यात दोनच नावं, त्यातलं एक त्यांचं. माझं पत्र फाइलला लागलं असतं तर ते नाव गेलं असतं. वय चव्वेचाळीस. पुढच्या वर्षी त्यांना कोणी विचारलं नसतं.

हे पट्ट्यांचं खूळ कुठून आलं ते सांगतो. रणजितसाहेब चौतीस वर्षांचे आहेत. सकाळी चहाबरोबर ते टेक्नॉलॉजीच्या बातम्या वाचतात आणि दहा वाजेपर्यंत त्यातलं काहीतरी आम्हाला हवं असतं. मागच्या वर्षी घडीचा फोन घेतला, त्याची घडी मोडली. आता प्रत्येक यंत्रात एआय पाहिजे. माझी मतं मी लपवत नाही. दर वर्षी नव्या फोनला कॅमेऱ्याचा एक डोळा वाढतो आणि खोक्यातून एक वस्तू कमी होते. आधी इअरफोन गेले, मग चार्जर, उद्या खोकंच देतील. फ्रिजला वायफाय कशाला, हे मला अजून कोणी समजावलेलं नाही. आमच्या फ्रिजचं दार पहिल्या झटक्यात लागलं तरी मी समाधानी आहे. टीव्ही विकत आपण घ्यायचा आणि जाहिरात त्याच्या पहिल्या पडद्यावर दुसऱ्याची. पूर्वी वस्तू बिघडली की दुरुस्त व्हायची. आता ती 'अपडेट' होते, आणि आदल्या दिवशी चालत होतं तेही बंद पडतं.

इतकी मतं असलेल्या माणसानं हातावर पट्टा बांधायला नको होता. मी बांधला. कामगारांच्या आरोग्यासाठी साहेबांनी बासष्ट फिटनेस बँड घ्यायचं ठरवलं. मी डीलरशी दोन दिवस घासाघीस करून बँडमागं पन्नास रुपये कमी केले. एक हजार एकशे पन्नासप्रमाणं एकाहत्तर हजार तीनशे. बिल त्याच दिवशी पास केलं. आकड्यांची जबाबदारी आपोआप माझ्याकडं आली. आणि आठवड्याभरात मी रोज रात्री घरच्या ग्रुपवर माझ्या पावलांचा फोटो टाकू लागलो. बायको म्हणायची, "एवढं चालता, तर येताना कोथिंबीर तरी आणत जा." मी दुर्लक्ष करायचो.

तर त्या सोमवारी आण्णाप्पा म्हणाले, "असं करा साहेब. उद्या माज्याशेजारी येऊन बसा. पट्टा माज्या हातात. मी कुठं अडकवतोय ते डोळ्यानं बघा."

"देसाईकाका, बसा," रणजितसाहेब म्हणाले. "पत्र तोपर्यंत माझ्याकडं राहू दे."

मंगळवारी मी तयारीनं निघालो. तपासणी करायची तर पद्धतशीर, म्हणून दोन्ही पट्ट्यांची नोंद ठेवायचं ठरवलं: त्यांचा आणि माझा. फुलेवाडीत घराच्या फाटकाशी स्कूटर सुरू करताना माझा आकडा लिहिला: १८६. शिरोलीत पार्किंगला स्टँड लावताना पुन्हा पाहिला: २,९११.

मी हेल्मेट न काढता तिथंच उभा राहिलो. वजाबाकी सोपी होती, तरी दोनदा केली. दोन हजार सातशे पंचवीस पावलं मी स्कूटरवर बसून चाललो होतो. आमच्या रस्त्यांचे खड्डे पट्टा इमानदारीनं मोजत होता. जाऊन-येऊन साडेपाच हजार. म्हणजे ग्रुपवर ज्या पावलांना आत्तेभाऊ अंगठे दाखवत होते, त्यातली जवळपास निम्मी रस्ते खात्याची होती.

मी डायरी मिटली. हे आज कोणाला सांगायचं नाही, असं ठरवूनच आत गेलो.

फेटलिंग म्हणजे कास्टिंगच्या कडांना राहिलेलं जादा लोखंड घासून काढणं. त्यासाठी जमिनीला बोल्टनं आवळलेले ग्राइंडर असतात. माणूस त्यापुढं उभा राहून जड कास्टिंग दोन्ही हातांनी फिरत्या चाकावर दाबतो. आमच्याकडं असे चार. आण्णाप्पा तीन नंबरवर. मी स्टूल, चष्मा, कानात बोळे आणि मास्क घेऊन शेजारी बसलो. पट्टा त्यांच्या मनगटावर, वरून चामडी हातमोजा.

आठ ते नऊ, एक तास. आण्णाप्पा जागचे हलले नाहीत. मी त्यांच्या बुटांवरून नजर काढली नाही. नऊला हातमोजा काढून पट्टा पाहिला. चार हजार तीनशे दहा पावलं. खाली अ‍ॅपचा एआय सल्लागार लिहीत होता: 'अभिनंदन! आता पायांना थोडी विश्रांती द्या.'

"वाचून दावा की," आण्णाप्पा म्हणाले. मी वाचून दाखवलं. आजूबाजूचे तिघेही हसले. "पाय तर बसल्यागत हाईत म्हणावं."

साडेसात तासांचा गुणाकार केला, येण्याजाण्याची पावलं मिळवली. अडतीस हजार जुळत होते. शेक-आउटचा माझा शोध तिथंच संपला. आता मला उठून जाता आलं असतं. पण एक आकडा मला टोचत होता: बाकीच्या तीन ग्राइंडरवरच्या लोकांची सरासरी नऊ-साडेनऊ हजार होती. काम तेच, कास्टिंग तीच. मग फरक कशाचा?

मी आण्णाप्पांना एक नंबरच्या मशीनवर पाठवलं. अर्ध्या तासात पावलं तीनशे चाळीस. एक नंबरवरच्या तुकारामला तीन नंबरवर आणलं. अर्ध्या तासात दोन हजार ऐंशी.

"माणूस न्हाय, मशीन चालतंय हे," तुकाराम ओरडला. "त्यालाच पर्मनंट करा!"

मेंटेनन्सच्या सलीमभाईंना बोलावलं. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनच्या बेरिंगवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. बेरिंग म्हणजे फिरता दांडा ज्या गोळ्यांच्या कड्यावर तोलून असतो ते. दहा सेकंदांत कान काढला.

"बेरिंग गेलंय. म्हणून चाक उड्या मारतंय, आणि ते सगळं ह्येंच्या हातात जातंय. हे मला कळायला पट्टा लागत न्हाय साहेब."

"मग कळवलं का नाही?"

सलीमभाईंनी माझ्याकडं जरा दयेनंच बघितलं. "कळवलं की. जुलैत. इंडेंट दिलता."

इंडेंट म्हणजे सुटा भाग मागवायचा अर्ज. मी ऑफिसात जाऊन फाइल काढली. अर्ज होता. दोन बेरिंग, एक हजार चारशे साठ रुपये. खाली निळ्या शाईत शेरा: 'पुढील तिमाहीत विचार करावा.' सही माझी. पाच दिवसांनंतरच्या तारखेला त्याच शाईतली त्याच माणसाची सही बासष्ट बँडच्या बिलावर होती.

मी खाली आलो तेव्हा आण्णाप्पा भिंतीशी बसून डबा सोडायचा प्रयत्न करत होते. फडक्याची गाठ सुटत नव्हती. शेवटी त्यांनी ती दातानं ओढली. हातमोज्याबाहेर त्यांची बोटं मी प्रथमच पाहिली. उजव्या हाताची तीन बोटं टोकाला चुन्यासारखी पांढरी होती.

"हे कधीपासून?"

"दसऱ्याच्या आदीपासनं. सकाळी शर्टाची बटणं लागत न्हाईत. मालकीण लावती." मग आवाज खाली आला. "साहेब, पत्रात काय लिवायचं ते लिवा, पर बोटांचं लिवू नका. पर्मनंटला मेडिकल असती. चोर म्हणून काढलं काय आन् लुळा म्हणून काढलं काय, घरी सारखंच."

इतक्या वर्षांत मी कागदावर काय लिहायचं याचा विचार फारसा केलेला नाही. असेल ते लिहायचं. त्या दिवशी मी डबा न खाता त्यांच्याशेजारी बसलो.

"आण्णाप्पा, आज लिहिलं नाही, तर चार वर्षांनी बोटं गेल्यावर कंपनी म्हणेल, हे दुखणं घरून आणलं. आज मशीनचा कागद आहे, तारीख आहे. आणि चूक कोणाची त्याची सहीसुद्धा आहे."

"कुणाची?"

"माझी."

त्यांनी डबा बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मग तुमचंबी लिवणार व्हय?"

"लिहिणार."

"मग लिवा माजंबी."

संध्याकाळी रणजितसाहेबांच्या केबिनमध्ये मी नवा कागद वाचला. आण्णाप्पांवरचा आरोप मागं. तीन नंबर मशीन सदोष. जुलैचा इंडेंट मी अडवला. बोटांची तपासणी तातडीनं व्हावी, आणि तेवढ्यावरून यादीतलं नाव काढू नये. इथं खरं तर थांबता आलं असतं.

"म्हणजे बाकीचे आकडे बरोबर आहेत?" साहेबांनी विचारलं. "मग अकरा हजार तुम्हालाच की, काका."

मी डायरी उघडली आणि १८६ व २,९११ वाचून दाखवले. साहेब आधी समजले नाहीत. समजल्यावर त्यांनी टेबलावर डोकं टेकलं आणि खांदे हलू लागले. बाहेर टायपिंग थांबलं.

"स्कूटरवर?"

"हो."

"बसून?"

"हो साहेब. बसूनच चालवतात ती."

हसू ओसरल्यावर त्यांनी जुलैचा इंडेंट पुढं ओढला आणि बराच वेळ माझा शेरा वाचत राहिले. "माझ्या खेळण्यांना तुम्ही कधी 'पुढील तिमाही' लिहिलं नाहीत," ते म्हणाले. ओरडले असते तर सोपं गेलं असतं.

बक्षीस रद्द झालं. बेरिंग दुसऱ्या दिवशी बसली आणि तीन नंबरची पावलं तासाला सहाशेवर आली. डॉक्टर म्हणाले, थरथरीनं बोटांचा रक्तपुरवठा तुटतो, वेळेवर कळलं, पण ग्राइंडरवर पुन्हा उभं करू नका. पंधरा तारखेला यादी लागली. आण्णाप्पा मगदूम, पर्मनंट, विभाग: इन्स्पेक्शन. दोन बोटं सुधारली. तिसरी थंडीत अजून पांढरी पडते. ते आता कास्टिंग तपासून नापास करतात, आणि नापास कास्टिंगचा खर्च माझ्याकडं येतो. मी काही शेरा मारत नाही.

बासष्ट पट्ट्यांपैकी चोवीस आम्ही मशीनवर उभं राहणाऱ्या लोकांच्या हाताला ठेवले आहेत. दर शनिवारी मी पावलं पाहतो. उभ्या माणसाची पावलं वाढली की सलीमभाईंना फोन करतो. ते म्हणतात, "म्हाईत हाय मला," आणि बहुतेक वेळा त्यांना ठाऊक असतं. वस्तू काय मोजते ते खोक्यावर लिहिलेलं असतं. ती खरंच काय मोजते ते शेजारी स्टूल टाकून बसल्यावर कळतं. एकाहत्तर हजार तीनशेमध्ये मी एवढं शिकलो.

बक्षिसाच्या अकरा हजारांतून गेले ते असे: बेरिंगच्या दुकानदाराला एक हजार चारशे साठ, डॉक्टरांना तपासणीचे तीन हजार दोनशे, जाड गादीच्या हातमोज्यांच्या आठ जोड्यांचे पाच हजार दोनशे. उरलेल्या एक हजार एकशे चाळीस रुपयांची फेटलिंग शॉपला मिसळ झाली. बिल एक हजार दोनशे ऐंशी आलं. वरचे एकशे चाळीस मी मिसळवाल्याला खिशातून दिले.