दिनकरचा बुधवार

नार्वेच्या दूध सोसायटीत संगणकासमोर बसणारा दिनकर एकेकाळी आमच्या नाटकमंडळीचा पडदा ओढायचा. राजे आणि खलनायक मी झालो, टाळ्या मला मिळाल्या. पण पडदा कधी पाडायचा हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळायचं. पुढे तो डिचोलीच्या खाणीवर लागला, खाण बंद पडली, आणि साठीनंतर सोसायटीने त्याला ही खुर्ची दिली. तेव्हापासून त्याचा शर्ट रोज इस्त्रीचा असतो.

सकाळी साडेपाचला बायका कॅन घेऊन येतात. यंत्र फॅट मोजतं, संगणक चिठ्ठी छापतो, सातला गाडी दूध नेते. गाडी कोणासाठी थांबत नाही.

जूनमध्ये एका सकाळी संगणक उघडलाच नाही. टिंबांचं वर्तुळ फिरत राहिलं, खाली सूचना: अपडेट चालू आहे, बंद करू नका. सात वाजले. गाडी रिकामी गेली, बायका भरल्या कॅनांनी परत फिरल्या. शालिनीच्या चार म्हशी. ती म्हणाली, "म्हस काय तुझ्या मशीनाची वाट बघीत रवतली, दिनकरबाब?" चेअरमन योगेश वयाने लहान, त्याने आवाज चढवला नाही. पुन्हा असं झालं तर दुसऱ्या कोणाला बसवावं लागेल, एवढंच सांगितलं.

मला वाटलं, हा खचणार. पण तो चौकशीला लागला. अपडेट दुधाच्याच वेळेला का येतं? रोज दूध गेलं की तो सेटिंग उघडून एकेक ओळ वाचायचा. आपल्या कामाचे तास सांगून ठेवले तर त्या वेळात संगणक आपणहून बंद-चालू होत नाही, हे त्याला सापडलं. अपडेट काही आठवडे पुढे ढकलता येतं, हेही सापडलं. आणि शेवटी स्वतःची चूक. विजेची बचत म्हणून दूध संपताच तो संगणक बंद करून प्लग काढून ठेवायचा.

"मी त्याका दिसभर येळच दिवक नाय, अण्णा," तो मला म्हणाला. "मग तो सकाळी करतलो नाय तर कदी?"

भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याने तारखा गोल करायला घेतल्या. मोठं अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी येतं, असं दिसलं. मग त्या दिवशी दुपारी तो स्वतःच ते मागवून घ्यायचा आणि पूर्ण होईपर्यंत पेजेचा डबा घेऊन समोर बसायचा. मीही जायचो. टक्के वाढताना बघण्यात काय आहे, सांगता येत नाही. पण बघत बसायचो. आकडा तिसावर अडला की दिनकर विचारायचा, आता आत काय चाललं असेल?

ऑक्टोबरच्या दुसऱ्या बुधवारी काहीच आलं नाही. या महिन्यात सुट्टी असेल, असं शहाणपण मीच शिकवलं. पुढच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, पुन्हा ते वर्तुळ; कामाचे तास सुरू होण्याआधी, रात्रीच लागलेलं अपडेट अजून संपलं नव्हतं.

दिनकरने प्लगला हात लावला नाही. वही काढली. प्रत्येकीचं दूध मापाने मोजून लिहिलं, कॅन ढवळून एकेका छोट्या बाटलीत नमुना घेतला, वर नावाची पट्टी चिकटवली आणि बाटल्या फ्रीजमध्ये ठेवल्या. सातला गाडी दूध घेऊन गेली. मग तो कॅलेंडरसमोर जाऊन बोटांवर दिवस मोजत उभा राहिला.

साडेआठला संगणक उघडला आणि बाटल्या एकेक करून यंत्राला लागल्या. नऊला योगेश आला. दिनकरने आपणच सांगितलं: मोजायला चुकलो. दुसरा बुधवार नव्हे, दुसऱ्या मंगळवारानंतरचा दिवस. हा महिना बुधवारीच सुरू झाला, म्हणून दुसरा बुधवार दुसऱ्या मंगळवाराआधीच आला आणि फसगत झाली. जूनपासूनच्या सगळ्या तारखा अशाच जुळतात.

योगेशने एक बाटली उचलून पट्टीवरचं नाव वाचलं. चिठ्ठीसाठी थांबलेली शालिनी म्हणाली, "दूध गेलां ना? मग बसांदे त्याका हयच."

"नोव्हेंबरात कधी?" योगेशने विचारलं.

"बारा तारीख."

योगेशने ती आपल्या मोबाइलात घातली आणि निघून गेला.

दिनकर पुढची बाटली उचलता उचलता थांबला. "तिकडे कंपनीवाले मंगळवारी अपडेट सोडत असतले, हय पोचासर बुधवार. पण मंगळवारच कित्या, अण्णा?"

मी स्टूल ओढून त्याच्याजवळ बसलो.